मला शेवटची आंघोळ कोण घालणार

बिस्मिल्लाह. मी जुलेखा बाबालाल नदाफ, वय अंदाजे चौऱ्याहत्तर, राहणार नेसरी, लिहून ठेवते की माझं डोस्कं ठिकाणावर हाय, गुडघं न्हाईत. कुणी दमदाटी करून हे लिवून घेतलेलं न्हाय. दमदाटी करणारा मालक बारा वर्सांमागं अल्लाकडं गेला, नि त्योबी मलाच भ्यायचा. शाळा चौथीपतूर. शुद्धलेखन बघू नगा, मजकूर बघा.

१. घर नि मागचं परडं माझा एकुलता लेक दस्तगीर ह्याचं. त्यो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत हाय. नाव पंचतारांकित, पण त्याला दिवसभर बसाय खुर्ची न्हाय. बाबा, घर इकायचं तर इक, पण भित्तीची ओल आधी दाखवून इक. झाकून इकलेलं हराम.

२. मालकांची कापूस पिंजायची कमान. गाद्या आता फोमच्या, घेणारं कोण न्हाय. भित्तीवरच ऱ्हाऊ दे. माझ्या सुनंनं, निलोफरनं, तिच्यावर परकर वाळत घालू नये. तांबडी कोंबडी शेजारणीला, चिमणाबाईला. ती माळकरी हाय, म्हंजी कोंबडी तरी जगंल.

३. आता खरं कलम. चाळीस वर्सं ह्या भागात आमच्यातली बाई मेली की तिला गुसल, म्हंजी शेवटची आंघोळ, मी घातली. बाईला बाईनंच घालायची. कोमट पाणी, त्यात बोरीचा पाला, शेवटाला कापूर. आंगावरची चादर काढायची न्हाय, खालनं हात फिरवायचा. नि काय दिसंल त्ये पोटात ठेवायचं. कुणाकडनं चहासुदीक घेतला न्हाय. मला कोण घालणार?

निलोफरला शिकवाय बसले. तक्क्याची मयत केली, उजवी कूस, डावी कूस समदं दावलं. ती रडाय लागली, भ्या वाटतंय म्हणाली. म्हणलं, अगं तक्क्या हाय. तर म्हणती, "तक्क्याचं न्हाय अम्मी, तुमचं. तुमी जित्या असतानाच वाटतंय." पोरगी खरं बोलली, तिला माफ. गुसल घालणाऱ्या गडहिंग्लजला दोघी हुत्या. एकीला मीच घातली, दुसरी लेकाकडं लांब गेली. मयत जास्त येळ ठेवायची न्हाय, मग लांबनं कोण येणार?

४. चिमणाबाई म्हणाली, "मी घालते की. जल्मभर तुझी कुचाळी ऐकली, चार तांबं पाणी वतू न्हाय व्हय?" मौलवीसायबांना इचारलं. आपल्यातली कोणच न्हाय मिळाली तर रीत शिकवून दुसरीनं घातली तरी चालतंय म्हणाले. तिला शिकवलं. निलोफरपरास शंभर पटीनं शिकली, वर तक्क्यालाच म्हणाली, "जुले, पाय आखड." लई दिसानं पोट दुखंस्तवर हासले.

मग तिचा लेक कृष्णात आला. दारातच उभा ऱ्हायला. "मावशी, आईला ह्यात घिऊ नगासा. आता दिवस तसलं न्हाईत." मी त्याला बस म्हणलं, त्यो बसला न्हाय. ल्हानपणी तापात त्यो पोरगा तीन दिवस माझ्या मांडीवर हुता. चिमणाबाई त्या दिसापास्नं कुडाच्या पल्याडनं बोलती. म्हणून कृष्णातालाच साक्षीला बोलवलाय, मुद्दाम.

५. शरीयतीपरमाणं वारसाबाहेर तिसऱ्या हिश्श्यापतूर देता येतंय. त्यात माझी बोरमाळ बसती. ती माझी जाऊ खैरून हिच्या लेकीला, आरिफाला द्यावी.

खैरून नि मी एकाच साली नांदाय आलो. शेजारी उभं ऱ्हाऊन नमाज पढायचो. मी हळूच चिमटा काढायची, ती फिसकन हासायची, दोघींची नमाज मोडायची. माझ्या मी नंतर पढून फेडल्या. तिच्या तिलाच फेडाय पायजे हुत्या, मला फेडता येत न्हाईत. मग शेताच्या बांधावरनं दिरानं, म्हंजी तिच्या मालकानं, भांडण काढलं, नि खैरून एकोणीस वर्सं माझ्याशी बोलली न्हाय. मीबी इरेला पेटले, गावात तिची नक्कल करून बायका हासवल्या. ती मेली तवा गुसल मीच घातलं. दिसलेलं सांगायचं न्हाय हा नेम हाय, सांगत न्हाय. एवढंच लिवते, दीर मेला तवा मी रडले हुते. त्ये रडणं परत मागाय आलं असतं, तर मागितलं असतं.

६. कुणी बाई न्हाय आली, तर. दस्तगीर, तू लेक हाईस, तुला चालतंय. शिफ्ट सोडून ये. आंघोळीच्या जागी पाण्याबिगर, मातीनं तयम्मुम करायचं. दोन्ही तळवं मातीवर मार, झटक, माझ्या तोंडावरनं फिरव. परत मार, माझं दोन्ही हात कोपरापतूर पूस. तुझा फोन न्हाय लागला तर मौलवीसायबांनी हाताला फडकं गुंडाळून करावं.

माती मी चाळून बरणीत भरलीया. बरणीवर "लोणचं, खराब झालंय" म्हणून लिवलंय, म्हंजी कोण हात लावणार न्हाय. माती त्याच बांधाची हाय. खैरूनला माझ्या हातचं कोमट पाणी मिळालं. माझ्या वाट्याला ही.

रमजान घावंल का न्हाय म्हाईत न्हाय. वर लिवलंय त्ये मीच लिवलंय, नि परत वाचून बघितलंय.

ठिकाण : नेसरी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५, १० शाबान
सही : जुलेखा बाबालाल नदाफ

साक्षीदार :
१. गणपतराव, निवृत्त तलाठी. सही.
२. कृष्णात, चिमणाबाईचा लेक. कलम चार दोनदा वाचलं. सही केली.