जिभेच्या टोकावरचं मीठ

१९ फेब्रुवारी २०२६, दासगाव

पहिलाच रोजा आणि खिमा अळणी! रोजा धरून चाखायचं तरी कसं? इम्तियाजनं कंपनीतले दोन मित्र इफ्तारला आणले होते. त्यांच्यासमोर हसत जेवला. ते गेले आणि ताट माझ्या तोंडावर. मग कमरेत लाथ. नवरा म्हणे!

२३ फेब्रुवारी

बायकांच्या बैठकीत धर्माचं समजावणाऱ्या आपा म्हणाल्या — नवरा तापट असेल तर बायकोनं जिभेच्या टोकावर मीठ चाखून थुंकावं, रोजा मोडत नाही. सगळ्या खदाखदा हसल्या. मला हसू येईना. म्हणजे माझ्यासारख्या पूर्वीपासून आहेत की! पण मी नाही चाखणार. रोजा माझा आहे, त्याला भिऊन कशाला हलका करू?

२४ फेब्रुवारी

शेजारच्या सगुणाबाईंना मागच्या दारानं बोलावलं. त्यांना कुठला रोजा! त्यांनी तळहातावर रस्सा घेऊन चाटला. "मीठ नाय गो, घाल अजून." आता रोज येणार आहेत. समोसे बांधून दिले.

२ मार्च

सगुणाबाई लेकीकडे, कापडे गावाला. सगळं खारट झालं. लोखंडी पळी माझ्या मनगटावर — काडकन आवाज आला. डॉक्टरांना सांगितलं, न्हाणीत पडले.

सासू, आमच्या अम्मा, घास भरवताना म्हणाल्या, "मी पण खूप वेळा पडलेय न्हाणीत. सोसायचं." त्यांचाच लेक!

१३ मार्च, जुम्मा

वीस माणसं इफ्तारला. हाताला प्लास्टर, तरी अम्मांबरोबर रांधलं. पुरुष ओटीवर बसले होते. सगुणाबाई बिर्याणी चाखत होत्या, तेवढ्यात इम्तियाज सरबत न्यायला आत आला. "पाव्हण्यांचं अन्न उष्टं करतेस?" सगुणाबाईंचे केस धरले आणि कपाळ भिंतीवर आपटलं. रक्ताची धार!

अम्मांनी तीच पळी उचलली. "घरात आलेल्या पाव्हणीवर हात टाकतोस, हरामखोरा?" एक. दोन. तो खाली पडला तरी थांबेनात. मी धरलं नाही. खोटं कशाला लिहू?

अजान झाली. माणसांनी खजूर तोंडात टाकला आणि त्याला उचलून दवाखान्यात नेलं.

माझं मनगट मोडलं तेव्हा अम्मांनी पळी उचलली नव्हती. पाव्हणीसाठी उचलली. संताप आला त्यांचा! आणि पायही धरावेसे वाटले.

१४ मार्च

इम्तियाजला सोळा टाके. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं?

अम्मा म्हणाल्या, "न्हाणीत पडला."

इम्तियाजनं त्यांच्या हातांकडे बघितलं. म्हणाला, "हो. न्हाणीत."