मुगावरचे जिवाणू

नंदुरबार, ८ जुलै २०२५

तीर्थरूप दादाजी यांस,
प्रियलचा शिरसाष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं सुरू झाली. मातीतले जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. पण काचेच्या ताटलीत न्यूट्रिएंट अगारचा, म्हणजे त्यांच्या खाद्याचा जेलीसारखा थर ओतून त्यावर पेरले, की दुसऱ्या दिवशी पांढरे-पिवळे ठिपके उमटतात. मला हे इतकं आवडलंय, की सकाळचा चहा टाकून आधी ताटल्या बघायला पळते.

काल मात्र त्या अगारच्या बाटलीवरचा कागद वाचला. अगार समुद्रातल्या शेवाळाचं, त्याचं काही नाही. पण पोषणासाठी त्यात मांसाचा अर्क घालतात. माझा हातच थांबला. शिवाय काम झालं, की सगळ्या ताटल्या मोठ्या कुकरसारख्या यंत्रात वाफवून जिवाणू मारावे लागतात. दादाजी, विषय सोडू का? सोडवत नाही हो. दादीजींना तुमच्या पद्धतीने सांगा.
तुमच्या मायेची भुकेली,
प्रियल

तळोदा, १३ जुलै

चि. प्रियल हिस,
झुंबरलालचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं, तिथेच चुकलं. मागे तुझी दादी उभी होती. मांसावर जीव पोसायचे आणि मग वाफेत मारायचे, हे कसलं शिक्षण, पोरीला उद्याच्या एसटीने घरी आणा, म्हणाली. तुला या विषयाला मी घातलं, म्हणून माझ्याशी अबोला आहे. भाजीत मीठ कमी पडलं तरी तुझ्या आईकरवी मागतो.

खोटं बोलून शिकू नकोस, पण घाबरून सोडूही नकोस. आपण पिढ्यान्‌पिढ्या डाळींवरच वाढलो ना? तुझ्या जिवाणूंना मूग चालतो का, बघ. दुकानातलं मुगाचं पीठ पाठवतोय. पुडी बांधताना प्रकाशा गावचे छगनभाऊ म्हणाले, “शेठ, तुन्ही नात मूग कोनले खावाडी ऱ्हायनी?” म्हटलं, न दिसणाऱ्या पाहुण्यांना खाऊ घालतेय.
तब्येत सांभाळ. आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.
झुंबरलाल

नंदुरबार, ४ ऑगस्ट

तीर्थरूप दादाजी यांस,
नमस्कार. पीठ मिळालं. प्रात्यक्षिकं घेणारे हेमकांत सर मुगाचं ऐकून आधी हसले. मग म्हणाले, एकच माती मुगावर आणि नेहमीच्या अगारवर, दोन्हींवर पेर, म्हणजे तुलना होईल. पहिल्या खेपेला ताटलीत इतका गाळ, की पिठाचा कण कोणता आणि जिवाणू कोणता कळेना. मोलगीचा करणसिंग माझ्या वर्गात आहे; त्याने विचारलं, पिठलं करतेस का! मग पीठ उकळून नुसतं वरचं पाणी गाळून घेतलं आणि त्यात अगार घातलं. करणसिंगने गावच्या शेतातली माती आणून दिली.

दादाजी, मुगावर जिवाणू आले! ठिपके तेवढेच, फक्त जरा लहान. सरांनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा तसंच. हाच तुझा प्रकल्प, म्हणाले. मांसाचा अर्क नाही, हे दादीजींना सांगा. वाफवणं मात्र टळत नाही. जिवंत ताटल्या गटारात टाकल्या तर रोग पसरायची भीती. हेही सांगा, लपवू नका.
माया अशीच असू द्या.
प्रियल

तळोदा, ९ ऑगस्ट

चि. प्रियल हिस,
आशीर्वाद. तुझी दादी माझ्याशी बोलली! येत्या शनिवारी तुझ्या आईबरोबर ताटल्या बघायला येते आहे. मी दुकानामुळे अडकलो. रागावली तर उलट बोलू नकोस. काय झालं ते लगेच कळव. मला घास गोड लागणार नाही.
झुंबरलाल

नंदुरबार, १६ ऑगस्ट

तीर्थरूप दादाजी यांस,
नमस्कार. दादीजी आल्या. चपला बाहेर काढून, तोंडाला पदर लावून प्रयोगशाळेत शिरल्या. मुगाची ताटली कोणती, एवढंच विचारलं आणि चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. छान वाढलेत, म्हणाल्या. मग, आज मारणार का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

त्या बाहेर बाकावर बसून वाफेचं यंत्र थांबेपर्यंत नवकार मंत्र म्हणत राहिल्या. आईने घरी चला म्हटलं, तरी उठल्या नाहीत. मी बाहेर आले आणि पायांपाशी बसले, तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “शिक. पण पुढच्या वेळी लागतील तेवढ्याच ताटल्या लाव.”

सरांना हे सांगितलं. कमी ताटल्यांत भागेल असा प्रयोगाचा आराखडा त्यांनी पुन्हा मांडायला घेतलाय.

दादीजी संध्याकाळच्या गाडीने निघाल्यात. आता निवांत जेवा.
तुमची,
प्रियल