आधीची शांभवी

मंगळवार, २४ फेब्रुवारी २००४

काल लिहिलेलं आधी दुरुस्त करते. प्रशिक्षणाला आम्ही सहा जण आहोत असं मी लिहिलं. आम्ही पाच आहोत. माझ्या शेजारची खुर्ची जरा मागे ओढलेली होती. तिच्यावरचं माणूस उठून बाहेर गेलं असेल असं मी धरून चालले. डेटा क्वालिटी शिकायला आलेल्या मुलीनं पहिल्याच दिवशी माणसं चुकीची मोजावीत! पण कालची ओळ खोडलेली नाही. वर्षाराणी मॅडम शिकवतात ते हेच: चुकीची नोंद पुसून टाकायची नाही, शेजारी बरोबर लिहायची, म्हणजे चूक कुठून आली ते कळतं.

बाकी सगळं छान आहे. संस्थेचं ऑफिस शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर. खाली गुळाचं दुकान असल्यानं जिन्यात कायम गोड वास. संस्था गावोगाव लहान मुलांची आरोग्य शिबिरं घेते, माझ्या जन्माआधीपासून. त्या सगळ्या मुलांची कार्डं गेल्या वर्षी घाईघाईनं कॉम्प्युटरवर चढवली गेली. त्यातल्या चुका शोधायला आम्हाला तयार करताहेत. महिनाभर शिकायचं, नीट जमलं तर नोकरी.

हजेरीच्या कागदावर माझं नाव दोनदा छापून आलं होतं. अर्ज मी टपालानंही पाठवला आणि हातानंही दिला, म्हणून. पुढच्या बाकावरचा कृष्णात शाहूवाडीचा, आवाज असा की खालच्या गूळवाल्यालाही ऐकू जावा. तो ओरडला, “दोन दोन शांभवी व्हय? एक काम करंल, एक च्या पिईल की!” मलाही हसू आवरलं नाही. मॅडम म्हणाल्या, चला, पहिला धडा आयताच मिळाला. याला डुप्लिकेट म्हणतात.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

मंगळवार पेठेत धोंडुबाईंच्या माडीवरची खोली मला आवडू लागली आहे. धोंडुबाई एकट्याच असतात, दोन वेळचं जेवण देतात आणि मी पोळी मोडायच्या आत दुसरी वाढतात.

या आठवड्यात तीन नियम शिकलो. एका माणसाची नोंद एकच. दोन नोंदींत नाव, बापाचं नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली तर त्या मर्ज करायच्या. आधीची ती मूळ, नंतरची तिच्यात जाते, आणि जिथं फरक असेल तिथं मूळ नोंदीतलं खरं धरायचं. तिसरा नियम: मृत्यूची तारीख नसेल तर माणूस जिवंत धरायचं.

मला हे सगळं नवं वाटत नाही. मी पहिल्यांदा शिकले ती घरीच, नेसरीत अप्पांच्या दुकानात. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत आकडा बोलायचा नाही, आणि डोळ्यांनी पाहिलं नाही ते पाटीवर लिहायचं नाही, ही अप्पांची शिस्त. आठ वर्षांची होईपर्यंत अव्वानं, म्हणजे आईनं, मला शाळेत घातलं नाही. मी उंबऱ्याबाहेर पाय ठेवला की ती ओढून आत घ्यायची.

कारण माझ्याआधी एक शांभवी होती. दोन वर्षांची असताना तापानं गेली. तिच्यानंतर वर्षानं मी झाले. तीच परत आली असं सगळे म्हणाले आणि तिचंच नाव मला ठेवलं. घरात तिला अक्का म्हणतात. नावानं कोणी बोलत नाही, कारण ते नाव आता माझं आहे. पुढे शाळेत दाखला लागला तेव्हा घरात एकच जन्मदाखला होता, अक्काचा. अप्पांनी तोच दिला. आयुष्यात त्यांनी तराजूला बोट लावलं ते एवढ्या एकाच वेळी. कागदावर मी तीन वर्षांनी मोठी आहे.

आमच्यात गेलेल्या माणसाला झोपवत नाहीत, बसवून माती देतात. लहानपणी मी विचारायचे, बसून बसून अक्काचे पाय दुखत नसतील का. अव्वा उठून आत जायची.

मंगळवार, २ मार्च

आज पहिल्यांदा खऱ्या माहितीवर काम केलं. मॅडम म्हणाल्या, ज्या घराचं खरं-खोटं तुम्हाला ठाऊक आहे त्या घरापासून सुरुवात करा. मी नेसरी काढलं. तिथं अक्का होती. शिबिराचं कार्ड: शांभवी, वडील वीरभद्र, वजन नऊ किलो, लस टोचली, रडली नाही. कुणा नर्सनं शेऱ्यात तसं लिहून ठेवलेलं. रडली नाही! अक्काबद्दल मला कोणी कधी एवढंही सांगितलं नव्हतं. डोळे भरून आले.

अक्काच्या खाली मी होते. प्रशिक्षणार्थींची कार्डंही त्यातच आहेत. नाव तेच, वडील तेच, गाव तेच, शाळेच्या दाखल्यामुळे जन्मतारीखही तीच. मी काही करायच्या आत संगणकानं दोन्ही मर्ज केल्या. मूळ नोंद राहिली. माझ्यासमोर एक शब्द आला: विलीन.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, नियमाप्रमाणे यंत्र चुकलेलं नाही. दोघी वेगळ्या आहेत हे दाखवायला एकच रकाना लागेल, अक्काच्या मृत्यूची तारीख. गावात तेव्हा नोंद केली नसली तरी चालेल. ज्यानं पाहिलं त्यानं तोंडी सांगितली तरी पुरे. तेवीस मार्चला यादी कायमची बंद होईल, त्याआधी भरायची.

शेजारची खुर्ची आज रिकामी वाटत नव्हती. उगाच लिहिलं हे. पण लिहिलं.

शनिवार, ६ मार्च

हजेरी आता संगणकातल्या यादीतूनच छापतात, तिच्यात माझं नाव एकदाच येतं. त्याच्यापुढे वजनाच्या रकान्यात नऊ किलो. कृष्णात म्हणाला, “पावणं, वारं सुटलं तर जिना धरून उभं ऱ्हावा.”

मी हसले. पण चपला सैल होताहेत. बुधवारी अंगठ्यापुढे बोटभर जागा होती, आज अर्धा पंजा मावेल एवढी. ब्लाउजच्या बाह्या कोपराखाली येतात. धोंडुबाईंना दाखवलं तर त्यांना काही वावगं दिसलं नाही. म्हणाल्या, “चिमणीएवढं खातीस, मग काय हुणार गं?” आणि भाकरी दुधात कुस्करून दिली. मी मागितली नव्हती. खाल्ली मात्र सगळी.

घाबरायचं नाही. एक तारीख हवी आहे. तारीख मिळवायची.

बुधवार, १० मार्च

चिक्कप्पांना, म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाला, फोन केला. ते म्हणाले जत्रेच्या आसपास, कारण बैलगाडी मिळाली नव्हती. शेजारच्या विठाबाई म्हणाल्या भर पावसात, खड्ड्यात पाणी साचलं होतं. त्यांच्या सुनेनं सासूकडून ऐकलेलं वेगळंच, दिवाळीतलं. तिघांच्या तीन तारखा. प्रत्यक्ष पाहिलेली कुठलीच नाही, कारण शेवटी तिथं दोघंच होते. अप्पा गेले. उरली अव्वा.

इतक्या वर्षांत अव्वानं तो दिवस तोंडातून काढलेला नाही. अप्पांनाही काढू दिला नाही. तो बोलला नाही म्हणूनच ती उभी राहिली असं मला नेहमी वाटत आलंय. आणि आता मी ऑफिसच्या एका रकान्यासाठी तिला विचारायचं?

आज खुर्चीवरून पाय जमिनीला टेकले नाहीत.

शुक्रवार, १२ मार्च

अव्वाचा फोन आला. विचारायचं ठरवून उचलला.

ती म्हणाली, “पुट्टी, कवा येतीस?”

पुट्टी हे अक्काचं नाव. लाडाचं. मला अव्वानं कधी पुट्टी म्हटलेलं नाही, आजारी असतानासुद्धा नाही. मला ती शांभवी म्हणते आणि म्हणताना माझ्या खांद्यावरून पलीकडे बघते. आज तिचा आवाज तरुण होता. सांगत होती, पाळण्याच्या कड्यांना तेल दिलं, पेटीतला फ्रॉक उन्हात घातला, त्याला अजून तसाच वास येतोय. मधेच गुणगुणली. अव्वा गुणगुणते हे मला माहीत नव्हतं.

मी तारीख विचारली नाही. व्हय म्हणाले. येते म्हणाले.

हेही लिहिलं पाहिजे: पुट्टी ऐकून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सोमवार, १५ मार्च

कृष्णातनं माझ्या खुर्चीवर पिशवी ठेवली. मी बसले होते. ओरडल्यावर दचकला, सॉरी म्हणाला, मग बराच वेळ बघत राहिला. यादीतलं सगळं त्याला सांगितलं. तो हळू बोलतो हे आज कळलं. म्हणाला, “कुठली तर तारीख ठोक की. कोण बघाय येतंय? सुटशील.”

खरं आहे. कुठलीही तारीख. कोणाला कळणार नाही. कीबोर्डपर्यंत हात पोचवला, उभं राहून. आकडे टाकले.

मग काढून टाकले. जत्रेतली की पावसातली? तिचा तो एकच दिवस तिचा आहे. नाव मी घेतलं, दाखला मी घेतला. तो दिवससुद्धा खोटा करून —

नाही. पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

गुरुवार, १८ मार्च

मॅडमनी हजेरी घेतली. माझं नाव वाचलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून पुढे गेल्या. मी हो म्हणाले. दोनदा.

त्या खुर्चीवर मांडी घालून बसले की पाय दुखत नाहीत. ताठ बसता येतं. कितीही वेळ.

अक्का, लहानपणीचं विचारणं आठवलं. नाही दुखत.

शनिवार, २० मार्च

जोडाक्षरं चुकताहेत. वरची ओळ — नाही, वरची बरोबर आहे.

धोंडुबाई काल कडेवर घेऊन जिना उतरल्या. कुणाची गं तू, म्हणाल्या. प्रेमानंच.

अव्वाचा परत फोन. हसत होती. पुट्टी, पुट्टी. विचारलं तर ती परत एकदा खड्ड्यापाशी उभी राहील. नाही विचारलं तर खुश राहील. मी नसेन, पण ती खुश —

पण अव्वाला पुट्टी पाहिजे. मी पुट्टी नाही. मी दारात गेले तर ती घेईल, आणि ते खोटं असेल. तराजूला बोट. रोज, ती असेपर्यंत —

आणि शांभवी कोण होती ते कोणालाच — मीसुद्धा एक होते ना?

रविवार, २१ मार्च, पाडवा

समोरच्या घरी गुढी उभी केली. साखरेची माळ. हात पोचत नाही.

ठरलं. उद्या. पहिली गडहिंग्लज गाडी, मग नेसरी. कंडक्टर विचारेल, संगं कोण हाय. चिठ्ठी करून ठेवलीय, फ्रॉकला — ब्लाउजला टाचून. कृष्णात स्टँडवर सोडतो म्हणाला. रडत होता. परवा यादी बंद.

अव्वाच्या मांडीवर बसायचं नाही. आधी विचारायचं. उभं राहून.

वाक्य पाठ करतेय. विसरू नये. अव्वा, अक्का कुठल्या दिवशी गेली. अव्वा, अक्का कुठल्या दिवशी गेली.

अव्वा, अक्का कुठल्या दिवशी.

सोमवार. बावीस मार्च.

अव्वा, अक्का

सोमवार, बावीस —