शोफर कोणाला म्हणायचं?

शिवाजी पार्क, शनिवार

ती. नलूताईस,

श्यामकांतचा वाकून नमस्कार (गुडघा अर्ध्यावर अडला, उरलेला मानून घे). तुझ्या मोतीबिंदूचं काय ठरलं? गिरगावात सगळे बरे ना? माझी मात्र झोप उडाली आहे. फोनवर बोलावं तर यतीन ऐकतो, म्हणून हे पत्र.

तुझ्या या लाडक्या भाच्याने, मी अठ्ठ्याहत्तरचा झालो म्हणून, गाडीची किल्ली काढून घेतली आणि परळची अपेक्षा नावाची मुलगी ड्रायव्हर ठेवली. मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, आमच्या घरात ड्रायव्हर नसतो, शोफर असतो. या शब्दाला खानदान आहे, कुणी ऐरागैरा शोफर होत नसतो. ती 'हो काका' म्हणाली आणि दादरच्या फुलबाजारातून गाडी काढली (काय सफाईने काढली, तो विषय वेगळा).

परवा तिने मोबाइलवर त्या शब्दाचं मूळ वाचून दाखवलं. ताई, मी गारच पडलो! फ्रेंचमध्ये शोफर म्हणजे तापवणारा, भट्टीत कोळसा लोटणारा! पहिल्या काही मोटारी म्हणे वाफेवर चालायच्या, आधी पाणी तापवायचं, मग निघायचं. म्हणून मोटार चालवील तो शोफर, मग मालक का असेना. पगारी माणसाला ते नाव नंतर चिकटलं. म्हणजे स्वतःची मोटार स्वतः हाकणारे आपले आजोबासुद्धा शोफर! (भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे बघवत नाही.) वर ही पोरगी शांतपणे म्हणते, "माझे आजोबा कुशाबा, तीस वर्षं मिलच्या बॉयलरवर कोळसा लोटत होते. मग खानदानी आम्हीच की, काका."

माझं डोकंच फिरलं. घरी येऊन यतीनला म्हटलं, पोरगी उर्मट आहे, काढून टाक. तो चक्क 'बरं, सोमवारी काढतो' म्हणाला! जन्मात बापाचं एक ऐकलं नाही, नेमकं हे ऐकलं! आता किल्ली तरी मला परत द्यायला तू आत्या म्हणून त्याला सांग.

तुझा,
श्यामकांत

ता.क. किल्लीचं राहू दे. सिग्नल लाल की हिरवा, हे हल्ली मला शेजारच्याला विचारावं लागतं.

ता.क. दुसरा: अपेक्षा उर्मट नाही. उर्मटपणा मी केला. तिला काढू नकोस, असं यतीनला आजच सांग. मी सांगितलं तर तो जन्मभर ऐकवेल.

ता.क. तिसरा: पोस्टाने हे सोमवारच्या आत पोचायचं नाही, म्हणून अपेक्षाच्याच हाती पाठवतो आहे. पाकीट मुद्दाम चिकटवलेलं नाही. तिच्या तोंडावर माफी मागायला जीभ रेटत नाही गं.