नकाशावरचा ठिपका

२ मार्च, सोमवार

डोकं सणकलंय. सकाळी ओढ्यावर गेलो तर पाणी जांभळं! काल हिरवं होतं. त्या रंगाच्या कारखान्याला आमचा ओढा म्हणजे ब्रश बुचकळायचा डबा वाटतो. काठच्या हातपंपावर दीडशे घरं पाणी भरतात, आणि यांना आता दुसरं युनिट टाकायची परवानगी हवीय! २३ तारखेला सुनावणी. प्रदूषण मंडळाचा साहेब मागे म्हणाला होता, "तोंडी तक्रारी किती लिहून घ्यायच्या? पुरावा आणा."

आणतो. लेकीला म्हटलं, वेबसाइट कर. वस्तीतल्यांनी ओढ्याचे फोटो टाकायचे, जगाने बघायचे. ती हसली. "बाबा, तुम्हाला मोबाइलवर आडवा फोटो उभा करता येत नाही." नाही येत! चौदाव्या वर्षी मोटरही उघडता येत नव्हती. आज अर्ध्या शहराच्या मोटरी वाइंडिंगला माझ्याच दुकानात येतात.

५ मार्च, गुरुवार

लेक ऑफिसातून आली की जेवणाच्या टेबलावर साइट बांधते. मी शेजारी बसून सूचना देतो. काम सोपं आहे म्हणते, सूचना जड जातात.

आज वाजलं आमचं. फोटोबरोबर तो कुठे काढला, किती वाजता, हे आपोआप येतं म्हणे. ठिकाण जरा पुसट ठेवू, पाठवणाऱ्याला त्रास नको, असं तिचं म्हणणं. मी हटलो नाही. "पत्त्याशिवाय तक्रार म्हणजे पात्यांशिवाय पंखा. नुसती घरघर!" नाव दिलं नाही तरी चालेल, पण नकाशावर नेमका ठिपका आणि खाली वेळ. साहेबाने बोट ठेवून बघावं! बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "पोरगी काहीतरी सांगतेय, ऐका जरा."

ऐकलं नाही. साइट माझी.

९ मार्च, सोमवार

साइट सुरू होऊन दोन दिवस. फोटो एकोणीस. त्यातले सात कुत्र्यांचे, एक शिंप्याचा स्वतःचा, नव्या चष्म्यासकट. निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं, "उपक्रम स्तुत्य आहे." स्तुत्य! ओढ्यावर येता का विचारलं तर गुडघा पुढे केला. चौकात सगळे वाघ. फोटो काढायचा म्हटलं की सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला!

११ मार्च, बुधवार

मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, त्याच कारखान्याच्या पंपघरात ऑपरेटर आहे. चहाही घेतला नाही. "भाऊजी, बंद करा ती साइट. मॅनेजर रोज विचारतो, तो मोटरवाला तुझाच ना?"

मी सोडतो की काय! "पंप कोण चालू करतं रे? रोज दुपारी सव्वा वाजता सुरू होतो. दुकानात बसून ऐकतो मी. बेअरिंग गेलंय त्याचं, शिट्टी मारतं."

"सांगतील तेव्हा बटण दाबतो. मी कोण विचारणारा?"

लाचार! त्याची बायको तिच्या आजारी आईकडे गेलीय, म्हणून महिनाभर डबा आमच्या घरून. बायको रोज दुपारी पंपघरापर्यंत नेऊन देते. आमच्या घरचं खायचं आणि आमच्याच ओढ्यात ओकायचं! हे त्याच्या तोंडावर बोललो. तो गेल्यावर बायको माझ्यावर उखडली. "दोन पोरं आहेत त्याच्या पदरात. तुमच्यासारखं स्वतःचं दुकान नाही."

१४ मार्च, शनिवार

दणका!! संध्याकाळी साइटवर तीन फोटो आले; आम्ही बटण दाबलं की सगळ्यांना दिसणार. कारखान्याच्या आतले! पंपघरामागे झुडपात लपवलेला पाइप, तोंड सरळ ओढ्यात, जांभळा लोंढा. वेळ दुपारी एक अठरा. नाव नाही.

लेक म्हणाली, "इतक्यात नको टाकूया. ठिपका बघा बाबा, थेट आत पडतोय." अगं, तेच तर हवंय! ती टाकेना. मीच बटण दाबलं.

१५ मार्च, रविवार

दोन हजार लोकांनी बघितले. मुख्याध्यापकांचा गुडघाही बरा झाला.

१६ मार्च, सोमवार

मेहुण्याला काढलं.

मॅनेजरने आमच्या साइटवरचा नकाशा छापून टेबलावर आपटला म्हणे. शनिवारी एक अठराला पंपघरात ड्युटी कुणाची? याची. एकट्याची. पास काढून घेऊन गेटाबाहेर.

धावत त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "शाब्बास रे पठ्ठ्या! मी तुला काय समजत होतो!" तर जमिनीकडे बघत म्हणाला, "मी नाही काढले." अरे, आता कुणाला घाबरतोस? "नाही काढले हो, भाऊजी!" आणि दार लावून घेतलं.

वाटेत मॅनेजरला मनातल्या मनात जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या दिल्या. घर येईपर्यंत त्या संपल्या, आणि मी एकटाच उरलो. पोरगी दोनदा म्हणाली होती. दोनदा!

१७ मार्च, मंगळवार

लेकीने सगळे ठिपके पुसट केले. "आता काय उपयोग?" म्हटलं. "पुढच्या माणसाला होईल." दिवसभरात माझ्याशी एवढंच बोलली.

१९ मार्च, गुरुवार

मंडळाच्या साहेबाचा फोन. फोटो उत्तम आहेत, पण काढणारा समोर येऊन शपथेवर सांगेल तरच धरता येतील. "निनावी फोटो त्यांचा वकील फुंकरीने उडवेल."

पुन्हा मेहुण्याकडे. नोकरी गेलीच आहे, आता तरी पुढे ये! परवानगी मिळाली तर ओढा मेला. तो म्हणाला, "जे केलं नाही ते शपथेवर सांगू?" माझा तोल गेला. भित्रा म्हटलं. बिनकण्याचा म्हटलं. त्याची दोन्ही पोरं दारात उभी होती.

घरी येऊन तेच सगळं परत, आणखी मोठ्याने. बायकोने माझं ताट वाढलं आणि आत गेली. स्वतः जेवली नाही.

२२ मार्च, रविवार

"फोटो मी काढलेत," बायको म्हणाली. कपड्यांच्या घड्या घालता घालता.

डबा द्यायला गेली तेव्हा. भावाने तिच्या हातातला मोबाइल बघितला होता. तरी मॅनेजरसमोर बहिणीचं नाव घेतलं नाही, माझ्यासमोरही नाही. मला का सांगितलं नाहीस? "चौकभर वाजवलं असतंत." आणि ठिपका थेट भावावर पडेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मला लेकीने दोनदा सांगितलं होतं.

उद्या अकराला सुनावणी. शपथेवर ती बोलणार. मी सोबत यायचं, तोंड उघडायचं नाही.

तोंड त्याआधी उघडायचं आहे. तिच्या भावाच्या दारात, सकाळी सातला. पोरं शाळेला निघायच्या आत.