ताटातलं काडतूस

हिंडलगा, बेळगाव
मंगळवार

प्रिय ऋचा,

फोल्डरमधले बाकीचे कागद जागच्या जागी आहेत, काळजी करू नकोस. तुझ्या आरोहीचं ओळखपत्र, रायफलचे कागद, दिल्लीच्या निवड चाचणीचं पत्र, आणि विमान कंपनीला दिलेल्या सामानाच्या यादीची आपली प्रत. हे पत्र मुद्दाम सगळ्यांत खाली ठेवलंय. तुझी सवय मला पाठ आहे. काउंटरवर तू काही वाचत नाहीस, नुसतं फोल्डर पुढं करतेस आणि गोड हसतेस. आत जाऊन बसलीस की मग एकेक कागद उलटून बघतेस. म्हणजे आत्ता तू सांबऱ्याच्या विमानतळावर आतल्या खुर्चीत बसली असशील, शेजारी आरोही कानात गाणी लावून बसली असेल, आणि मी भरलेली तिची काळी बॅग पट्ट्यावरून आत गेली असेल. आत बॅगेचा क्ष-किरण फोटो निघत असेल. विमानाला अजून पाऊण तास आहे. तेवढ्यात हे निवांत वाचून होतं, मी घड्याळ लावून बघितलंय.

बॅग काल दुपारी भरली. जॅकेट, पँट, ग्लोव्ह, डब्यात बसवलेली नेम धरायची साईट, नळी साफ करायची सळई, पान्यांचा जुडगा, छऱ्यांचे दोन डबे. रायफलच्या सिलिंडरमधली हवा पार सोडून दिली, काटा शून्यावर आणला. रायफलच्या पेटीला वेगळं कुलूप. एकूण तेवीस वस्तू, यादीत तेवीस ओळी. आणि मग नेहमीसारखा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकला, तीनदा. ह्या तीनदावरून तू मला किती चिडवतेस गं. गेल्या उन्हाळ्यात कोल्हापूरला सरावाला निघालो होतो तेव्हा कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसांनी डिकी उघडायला लावली. मी यादी पुढं केली, त्यांनी वस्तू मोजल्या आणि पाच मिनिटांत सोडलं. तू गाडीत हसत म्हणालीस की रचना म्हणजे अगदी संशयाचं भूत झालीय. मीही हसले होते, मूर्खासारखी. माझ्या मानेवर ते भूत कुणी बसवलं हे तुला तेव्हाही ठाऊक होतं, आणि तरी तू हसलीस.

आपण सतरा वर्षांच्या असताना नेमबाजीच्या रेंजवर भेटलो ते आठवतं? मी जांबोटीहून पहिल्या बसनं यायची, बस चुकली की कुठल्यातरी ट्रकमध्ये बसून. पायांत चिखलानं भरलेले बूट. तू टिळकवाडीतून वडिलांच्या जीपमधून यायचीस, इस्त्रीचे कपडे. पहिल्याच दिवशी तू मला तुझे कोरडे मोजे दिलेस. तीन वर्षं आपण शेजारच्या लेनवर उभ्या राहिलो, एका डब्यातलं खाल्लं. आई म्हणायची, ही बामणाची पोर आपल्या भाकरीवर जीव टाकते बघ. त्या मोज्यांमुळं मी तुझं पुढचं सगळं खरं मानत गेले.

मग तो दसरा. निवड दिल्लीला होती, विमान गोव्याहून दुपारचं. आपल्या भागातून दोघीच, आणि जागा एक, हे दोघींना ठाऊक होतं. सरावात मी तुझ्यापुढं होते हेही ठाऊक होतं, पण आपण त्यावर बोलायचो नाही. तुझे बाबा, श्रीनाथ वकील, स्वतः जीप चालवत होते. चोर्ल्याच्या घाटाला लागायच्या आधी जांबोटीला आमच्या घरी थांबलो, कारण माझ्या वडिलांचा, आप्पांचा, हट्ट होता की पोरींनी जेवूनच जायचं. खंडेनवमीची पूजा अजून तशीच मांडलेली होती. कोयते, नांगराचा फाळ, पाटावर आप्पांची पीक राखायची बंदूक, आणि पुढं ताटात लाल टोपणांची पाच काडतुसं, कुंकू लावलेली. रानडुकरांसाठीचा सरकारी परवाना होता त्यांचा. भावकू, म्हणजे आमचे आप्पा, परवान्याला जिवापाड जपतात असं गावात म्हणायचे. जेवणं झाली, आप्पा मला देवळात अंगारा लावायला घेऊन गेले, तुझे बाबा ओसरीवर पेपर वाचत बसले. तू आईला भांडी आवरायला मदत करायला म्हणून आत राहिलीस. बॅगा जीपमध्ये होत्या.

विमानतळावर बॅगा दिल्या आणि आपण आत जाऊन बसलो, तू आत्ता बसली आहेस तशाच. मग माझं नाव पुकारलं. मला वाटलं, पुढची सीट देतायत की काय! तू म्हणालीस, जा बघून ये. आतल्या टेबलावर माझं जॅकेट पसरलेलं होतं आणि त्याच्या आतल्या खिशातून आपट्याची पानं आणि एक काडतूस बाहेर काढून ठेवलं होतं. लाल टोपण, त्यावर कुंकवाचं बोट. एअर रायफलला काडतूस लागतच नाही, मग बारा बोअरचं जिवंत काडतूस बॅगेत कशाला, असं ते विचारत होते. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांनी नियमाप्रमाणंच केलं. काचेतून मी तुला विमानाकडं जाताना बघितलं. तू एकदा मागं वळलीस. मला वाटलं रडतेस.

कुंकू होतं म्हणजे काडतूस आमच्याच घरचं, ह्यात कुणाला शंकाच नव्हती. दुसऱ्या दिवशी आप्पा पोलीस ठाण्यात आले, धुतलेला सदरा घालून, आणि हात जोडून म्हणाले, "मीच ठिवलं सायब. देवाचा परसाद म्हणून. पोरीला ठावं न्हाय." असा जबाब द्यायचा सल्ला तुझ्या बाबांचा. त्यांनी माझी केसही आपणहून चालवली, चार वर्षांनी मी निर्दोष सुटले. त्यांना खरं काय ते ठाऊक होतं का, हे मी आता विचारत नाही. ते गेले, आणि मेलेल्या माणसाशी भांडणं मला जमणार नाही. आप्पांचा परवाना रद्द झाला, बंदूक जमा झाली. नंतरची सगळी वर्षं ते भाताच्या हंगामात पत्र्याचा डबा बडवत शेतात बसायचे.

आणि मी काय केलं ते ऐक, कारण हा हिशेब तुझ्या नावावर आहे. ठाण्याच्या पायरीवर, चार माणसांदेखत, मी आप्पांना म्हणाले, "आप्पा, तुम्ही माझं वाटोळं केलंत." त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर तेरा वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नाही. जेवलात का, औषध घेतलंत का, एवढंच. ते गेले तेव्हा मी हिंडलग्याच्या माझ्या ह्याच नेमबाजीच्या शेडमध्ये पोरांना श्वास कसा धरायचा ते शिकवत होते. पोचले तोवर त्यांना उचलायची तयारी झाली होती. माफी मागायला ऐकणारं माणूस लागतं, ऋचा. ते तू मला ठेवलं नाहीस.

तुझं मात्र झकास झालं. निवड, मग दोन पदकं, मग नोकरी, मग लग्न. पाच वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या आरोहीचं बोट धरून तू माझ्या शेडच्या दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, तुझ्याइतकं शिस्तीनं शिकवणारं बेळगावात दुसरं कुणी नाही. मी तुझ्या गळ्यात पडून रडले. वाटलं, माझं सगळं गेलं तरी मैत्रीण राहिली. आज ते आठवलं की अंगाची नुसती लाही होते. पण पोर गुणी निघाली. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, तुझ्यापेक्षा तर नक्कीच.

ह्या दसऱ्याला मी आईला म्हणाले, ऋचाला आणि आरोहीला जेवायला आणते. आई पाटावर कोयत्यांना फुलं वाहत होती. हात थांबला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिला ह्या घरात आणू नगंस. ते काडतूस तिनं माझ्याकडनं मागून घेतलंतं. परसाद म्हणून. पूजेतलं मागितल्यावर न्हाय कसं म्हणू? मी पानांत गुंडाळून तिच्या हातात दिलं." आईला वाटलं तू ते तुमच्या देवघरात ठेवशील. बंदुकीची वस्तू परक्याच्या हातात देणं गुन्हा असतो हे त्या बाईला कुठलं ठाऊक! आप्पांना तिनं मी पकडले गेले त्याच संध्याकाळी सांगितलं. आणि आप्पांनी तिच्याकडून शपथ घेतली की तोंड उघडायचं नाही. तिला म्हणाले, तू दिलंस म्हटलं तर तुलाच आत टाकतील, आणि वकिलाच्या पोरीपुढं आपला शब्द कोण धरणार. म्हणजे माझ्या बापानं आईला वाचवलं, मला वाचवलं, आणि वर तुलाही वाचवलं, आणि मरेपर्यंत माझं तोंड बघत गप्प बसला. माझ्या आईनं, नागुबाईनं, सतरा वर्षं शपथ पाळली. तू घरात येणार म्हटल्यावर मोडली.

त्याच दुपारी मी आप्पांची ट्रंक उघडली. तळाशी एका फडक्यात एक काडतूस होतं, त्या ताटातल्या पाचांपैकीच असावं, कुंकू काळं पडलेलं. पोलिसांच्या नजरेतून सुटलेलं. ते मी हिंडलग्याला घेऊन आले. तीन आठवडे ते माझ्या टेबलाच्या खणात होतं आणि तू रोज संध्याकाळी आरोहीला सोडायला यायचीस, त्याच टेबलावर पर्स ठेवायचीस. काल बॅग भरताना आरोहीचं जॅकेट माझ्या हातात होतं. त्यालाही आत तसाच एक खिसा आहे. तिची दिल्लीची निवड, जागा एक. सगळं जसंच्या तसं.

आता कान लाव. नाव पुकारतायत का? तुझ्या हातात एक उपाय आहे. उठायचं, त्या खाकीतल्या बाईंकडं जायचं आणि सांगायचं की माझ्या मुलीची बॅग परत आणा, त्यात कुणीतरी काडतूस ठेवलं असेल. त्या विचारतील, तुम्हाला असं का वाटतं? तेव्हा खरं कारण सांगावं लागेल, दुसरं कुठलंही चालणार नाही. नाहीतर गप्प बसायचं आणि वाट बघायची. गप्प बसायचं तुला जमतं.

बस खाली. बॅगेत काही नाही. काडतूस मी शनिवारी वारस म्हणून ठाण्यात जमा केलं, त्याची पोच ह्या पत्राच्या मागंच टाचली आहे, बघ. मी भावकूची पोर आहे, तुझ्या पोरीला हात लावणार नाही. पण मघाशी तू उठलीस की बसून राहिलीस, ते आता तुझं तुला कळलं. मला सांगू नकोस, मला नको आहे ते. पत्र लिहिलं ते वेगळ्याच कारणासाठी. काल कप्पे झटकताना आरोहीनं विचारलं, ताई, तीन-तीनदा का बघता? मी तिला सगळं सांगितलं. दसरा, ताट, आपट्याची पानं, आप्पांचा जबाब, ठाण्याची पायरी. काडतूस आप्पांनी नव्हे, माझ्या मैत्रिणीनं ठेवलं होतं, हेही सांगितलं, म्हणजे आता ते माझ्या बापावर ढकलायची वाट मी बंद केली आहे. पोर रडली गं माझ्यासाठी. मग डोळे पुसून म्हणाली, "नाव काय तिचं?" मी म्हणाले, तुझी आई त्या दिवशी माझ्याबरोबर होती, तिला माहीत आहे, पण मॅच संपेपर्यंत विचारू नकोस, हात हलेल. गुरुवारी दुपारी दोनला तिची शेवटची गोळी सुटेल. तोवर तुला दोन दिवस आहेत. ती विसरणारी पोर नाही, तू ओळखतेसच.

तुझीच,
भावकूची रचना