सीटखालचा खटका

बेला,
२० एप्रिल २०२५

ती. भाऊ आणि वहिनीला जीवनचा नमस्कार.

आई ठीक आहे. गुडघा दुखतो, पण ऐकत नाही, सकाळी भाजीच्या वाफ्यात असतेच. ऊन आतापासूनच खायला उठतं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून प्रीतीच्या लग्नपत्रिकेसोबत हे लिहून राह्यलो. पत्रिकेत तुझं नाव सगळ्यात वर छापलं आहे, पाहून घे.

बाबांच्या अँबॅसिडरचं काम झालं. "हात लावू नको तिले," म्हणून तू चहा न पिता उठून गेलास, तरी केलं. मे महिन्याच्या उकाड्यात माझी पोरगी सासरी नांदेडपर्यंत घामानं भिजत जावी, हे मला पटत नव्हतं. एसी बसवला. कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट मी स्वतः सहा मिलिमीटरच्या पत्र्यातून कापला. पट्टा पुलीवर एका रेषेत चालतो, आवाज म्हणून नाही. जुना डायनॅमो एवढा भार पेलत नाही, म्हणून अल्टरनेटर. स्टिअरिंगला विजेची मोटर लावली, आईनंसुद्धा एका बोटानं फिरवून पाहिलं. मागं कॅमेरा. आणि चावी नाही, बटण दाबलं की गाडी चालू. मी कोणत्या कॉलेजात गेलो नाही, पण यात एक वायर लोंबताना दाखव.

घरात मात्र कुणालाच आनंद नाही. का, ते मला कळत नव्हतं. प्रीतीला शेजारी बसवून मी बटण दाबलं. गाडी लगेच चालू झाली. तिचा चेहराच उतरला.

"म्हणजे आता ढकलाची नाही?"

"ढकलाची कायले? त्याच्यासाठीच तर केलं न."

"मंग मोठे बाबा काऊन येतील?" तुझ्याबद्दल म्हणाली आणि उतरून घरात गेली.

तुला आठवतं. आपल्या घरची पोरगी सासरी निघाली की ही गाडी बंद पडायचीच. आपल्या बहिणीच्या, मीनलच्या वेळी, मग काकांच्या दोघींच्या वेळी. बाबा स्टिअरिंगवर, तू डाव्या बाजूनं, मी उजव्या, मारुतीच्या देवळापर्यंत ढकलायचो. ही यांच्या घरची रीतच आहे, असं लोक म्हणायला लागले. मी मात्र दर लग्नानंतर सेल्फ उतरवून तपासायचो. कार्बन बदलले, बॅटरी बदलली. दोष सापडायचा नाही, आणि गाडी तर चावी फिरवताच चालू. हे मी कुणाला बोललो नाही. मिस्त्री म्हणवतो न स्वतःला.

यंदा जुनी सीट काढली तेव्हा खाली एक छोटा खटका निघाला, सेल्फच्या वायरीत मधेच जोडलेला. तो बंद केला की सेल्फ मेला. चोरांसाठी असेल, असं समजून मी तो काढून टाकला होता. प्रीती रुसून गेल्यावर आईला दाखवला.

"तुह्या बाबानं बसवला होता," आई म्हणाली. "पोरगी निघाली का बंद करे."

"पण काऊन?"

"मीनलच्या लग्नात तुमी दोघं भांडून दोन दिशेला तोंडं करून बसले होते. आठव."

"मंग?"

"मंग काय? मिस्त्री तू हायेस. तूच सांग."

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही, भाऊ. तुला हे माहीत होतं का? म्हणून हात लावू नको म्हणत होतास? की तू नुसतं गाडीबद्दलच बोलत होतास? तुझं ऐकलं असतं तर खटका सापडला नसता. नाही ऐकलं, तर तू गेलास. यात बरोबर काय झालं, ते लावायला बसलो की पुन्हा पहिल्या वायरीपाशीच येतो. विचारायला बाबा नाहीत.

खटका मी परत बसवला. नव्या सीटखाली, त्याच जागी, भोकंही जुनीच वापरली. काल तो बंद करून, दौलत ड्रायव्हरला आत बसवून एकट्यानं गाडी ढकलून पाहिली. एसीनं वजन वाढलं आहे. फाटकापर्यंत नेली, पुढं हलली नाही.

प्रीतीची पाठवणी लग्नाच्या दिवशीच, ऊन उतरल्यावर. खटका मी स्वतः बंद करणार आहे. घरातल्या कुणाला सांगितलेलं नाही, आईला कळेलच.

डावी बाजू रिकामी ठेवून आहे,
तुझा
जीवन